ग्वाल्हेरमध्ये परवान्यावर छोट्या बोअरचं (म्हणजे नळीच्या छोट्या व्यासाचं) रिव्हॉल्व्हर घ्यायचं असेल, तर .२२ घ्यावं की .३२? आणि ते 'कस्टम', म्हणजे कारागिराकडून हवं तसं बनवून घ्यावं का?

.३२ घ्या, आणि तेही .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग हे काडतूस चालणारं.

कारण काडतुसाच्या रचनेत आहे. .२२ एलआर (लाँग रायफल, .२२ चं नेहमीचं काडतूस) रिमफायर आहे: स्फोटक मसाला काडतुसाच्या कडेत असतो आणि हॅमरला ती कडच चेपावी लागते. म्हणून डबल अॅक्शन ट्रिगर (एकाच ओढीत हॅमर मागे नेऊन सोडणारा) बरेचदा जड ठेवतात, तरी एखादं काडतूस पेटत नाहीच. .३२ सेंटरफायर आहे, म्हणजे मसाला काडतुसाच्या बुडाच्या मधोमध असतो; तिथे हा त्रास कमी. १८९६ सालचं हे काडतूस म्हातारं असलं तरी धक्का सौम्य आणि नेम चोख. २५ मीटर सेंटरफायर स्पर्धांत आजही चालतं. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं २०१४ मधलं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हरही .३२ चंच. नुसता निशाणेबाजीचा सराव करायचा असेल तर मात्र .२२ स्वस्त पडतं.

अमेरिकेत लोक .३२७ फेडरल मॅग्नम या जास्त ताकदीच्या काडतुसाचं रिव्हॉल्व्हर बनवून घेतात, कारण त्यात .३२ लाँगही चालतं (उलट, म्हणजे .३२ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३२७, कधीच नाही!). इथे तो मोह सोडा. दुकानात गोळ्या मिळणार नसतील तर सुंदर सिलिंडर घेऊन काय करायचं?

राहिला प्रश्न 'कस्टम'चा. गावठी शस्त्रांसाठी कुप्रसिद्ध भिंड-मुरैना हे जिल्हे शेजारी असल्यानं 'एक कारागीर आहे' असं सांगणारे भेटतील. त्या वाटेला जाऊ नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात विनापरवाना बनवणं तर गुन्हा आहेच, बदल करून घेणंही त्यातच येतं. कारखान्याचंच घ्या, मूठ बदलायचीच असेल तर परवानाधारक विक्रेत्याला विचारा.