तू गेला नाहीस तर कुणाला कळेल?

"मॅडम, मुलगा वाईट नाही हो. संगत वाईट आहे."

समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांच्या तोंडून हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! या वेळी समोर पंधरा वर्षांच्या मुलाचे आई-वडील होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या चार मुलांत जाऊन उभा राहतो, घरी आला की दार लावून घेतो, विचारलं की अंगावर येतो. फोन काढून घेऊन झाला, बाहेर जाणं बंद करून झालं. आता शाळा बदलावी की घरच बदलावं, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

ही भीती मी कधी उडवून लावत नाही. 2005 मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी गाडी चालवण्याचा एक संगणकीय खेळ वापरून पाहिलं होतं. 13 ते 16 वर्षांची मुलं एकटी असताना जेवढा धोका पत्करायची, त्याहून कितीतरी जास्त बरोबरीची मुलं शेजारी असताना पत्करायची. तेव्हा संगतीचा परिणाम होतो, यात वाद नाही. आणि त्या टोळक्यात नशा, मारामारी किंवा मुलावर दडपण असेल, तर आधी त्याला तिथून बाहेर काढावंच लागतं. इथे तसं काही नव्हतं. मला प्रश्न पडला तो असा, की त्या कोपऱ्यावर त्याला असं काय मिळतं, जे दुसरीकडे कुठेच मिळत नाही?

पहिल्या भेटीत तो गप्पच होता. दुसऱ्या वेळी मी कागद पुढे केला. "आठवडाभरात तू जिथे जिथे असतोस, त्या जागा लिही. आणि प्रत्येकीपुढे लिही, तू एक दिवस गेला नाहीस तर कुणाला कळेल?"

शाळेपुढे त्याने लिहिलं, 'हजेरी घेताना'. क्लासपुढे, 'आईला मेसेज जाईल'. 'घर' लिहून पेन तसंच टेकवून बसला, मग लिहिलं, 'जेवायच्या वेळी'. कोपऱ्यापुढे मात्र चौघांची नावं लिहिली, न थांबता.

त्याला विचारून मी तो कागद आई-वडिलांना दाखवला. वडील बराच वेळ तो हातात धरून बसले.

रॉजर बार्कर आणि पॉल गम्प या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत कॅन्ससमधल्या मोठ्या आणि छोट्या शाळांची तुलना केली होती, 1964 मध्ये ती प्रसिद्ध झाली. मोठ्या शाळेत उपक्रम जास्त होते, पण छोट्या शाळेतली मुलं जबाबदारीच्या जागी जास्त दिसली. कारण साधं आहे. माणसं कमी असली की सामान्य मुलाचीही गरज पडते, आणि आपण नसलो तर अडेल हे त्यालाही कळतं. आमच्या या मुलाला आठवडाभर सगळीकडे फक्त ऐकायचं आणि बसायचं काम होतं. घरी तर 'तू फक्त अभ्यास कर' म्हणून पाण्याचा तांब्याही उचलू देत नसत.

हे ऐकून आईने उत्साहाने त्याला तीन नवे वर्ग लावले. महिन्याभरात तिन्ही सुटले. तिथेही तो पस्तिसातला एक होता. वर्ग नको, काम हवं, हे मीच स्पष्ट सांगायला हवं होतं.

मग घरात आजोबांच्या औषधांचा डबा त्याच्याकडे आला. आठवड्याच्या गोळ्या चिठ्ठीप्रमाणे भरायच्या, संपत आल्या की आणायच्या. वडिलांना धीर धरवेना, म्हणून पहिले दोन आठवडे त्यांनी डबा तपासायचा आणि नंतर आजोबांनी, असं ठरवलं. पुढे एकदा डोळ्यांचे थेंब संपले, तेव्हा आजोबांनी सुनेला नाही, थेट नातवाला हाक मारली. आई हे सांगताना रडली.

दुसरी जागा मैदानाची. फुटबॉलच्या संघात त्याची निवड झाली नव्हती. त्याच्या संमतीने मी खेळाच्या सरांशी बोलले. त्यांनी त्याला आठ-नऊ वर्षांच्या पोरांच्या सरावासाठी हाताशी घेतलं. गट पाडायचे, रडणाऱ्याला सांभाळायचं. सर कमी बोलणारे, पण रोज जाताना "उद्या ये" म्हणायचे. हवाईतल्या कौआई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या मुलांवर मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी कित्येक वर्षं लक्ष ठेवलं. अतिशय कठीण परिस्थितीतूनही जी मुलं सावरली, त्यांच्या आयुष्यात आई-वडील नाही तर दुसरं कुणीतरी, एक तरी भरवशाचं माणूस होतं. सरांकडे पाहताना मला ते नेहमी आठवायचं.

मार्क फारसे वाढलेले नाहीत. आठवड्यातून दोनदा तो अजून कोपऱ्यावर जातो, आणि आता ते चौघेही घरी येतात. शेवटच्या भेटीत त्याचं लक्ष सारखं घड्याळाकडे होतं. वेळ संपायच्या आधीच तो उठला.

"मॅडम, निघतो. सामानाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. पोरं दाराशी उभी असतील."