संगणक-व्यवस्थापन प्रश्नोत्तरे : काढून टाकलेली सेटिंग मागे का उरते?

प्रश्न : आमच्या सहकारी पतसंस्थेचे मुख्य कार्यालय आणि सर्व शाखा एकाच ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेनमध्ये (मध्यवर्ती सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या संगणकांच्या आणि खात्यांच्या समूहात) आहेत. पूर्वी इंटरनेटसाठी प्रॉक्सी सर्व्हर (इंटरनेटची मागणी पुढे पाठवणारा मधला संगणक) होता आणि त्याचा पत्ता आम्ही ग्रुप पॉलिसीतील (सर्व संगणकांना एका जागेवरून सेटिंग पाठवण्याच्या विंडोजच्या सोयीतील) प्रेफरन्सेसच्या रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगचा साठा) विभागातून सर्वांना पाठवला होता. आता प्रॉक्सी बंद करून फायरवॉल बसवला आहे. जुना जीपीओ (ग्रुप पॉलिसीतून पाठवायच्या सेटिंगचा एक संच) काढून टाकला, तरी अनेक संगणक अजून त्या बंद पडलेल्या प्रॉक्सीचाच शोध घेत बसतात. याउलट त्याच दिवशी क्रोमच्या काही पॉलिसी काढल्या, त्या मात्र व्यवस्थित निघून गेल्या. हा फरक कशामुळे? शिवाय क्रोमचे होमपेज आम्ही ठरवून दिले असतानाही कर्मचारी ते बदलतात, ते कसे थांबवावे? (सांगली जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : आपण एकाच खिडकीत बसून दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या गोष्टी पाठवल्या होत्या. ग्रुप पॉलिसीच्या संपादकात 'पॉलिसीज' आणि 'प्रेफरन्सेस' हे दोन विभाग शेजारी-शेजारी दिसतात आणि त्यामुळे ती एकाच कामाची दोन नावे आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात पॉलिसी ही विंडोज २००० पासून आलेली मूळ सोय आहे. प्रेफरन्सेस नंतर, विंडोज सर्व्हर २००८ च्या वेळी, तिला जोडले गेले आणि त्यांची कामाची रीत निराळी आहे.

क्रोमची पॉलिसी रजिस्ट्रीमध्ये 'सॉफ्टवेअर'च्या खाली असलेल्या 'पॉलिसीज' या राखीव जागेत लिहिली जाते. त्या जागेत सामान्य वापरकर्त्याला काहीही लिहिता येत नाही आणि जीपीओ लागू होणे थांबले की पुढच्या फेरीत, म्हणजे संगणक सर्व्हरकडून पॉलिसी पुन्हा तपासतो तेव्हा, विंडोज तेथील नोंद स्वतः पुसते. प्रोग्राम ती जागा वेगळी वाचतो, म्हणून वापरकर्त्याची स्वतःची निवड खाली शाबूत राहते आणि पॉलिसी उठताच पुन्हा वर येते. प्रेफरन्समधून पाठवलेली प्रॉक्सीची नोंद मात्र वापरकर्त्याने स्वतःच्या हाताने सेटिंग भरावी तशी थेट 'इंटरनेट सेटिंग्ज'च्या नेहमीच्या जागेत लिहिली जाते. ती कोणी लिहिली याचा माग तेथे राहत नाही, त्यामुळे जीपीओ काढला तरी नोंद तेथेच राहते. व्यवस्थापक मंडळी याला 'टॅटू' म्हणतात आणि गोंदण जसे आपोआप निघत नाही, तशी ही नोंदही निघत नाही.

प्रेफरन्सच्या 'कॉमन' या टॅबवर 'ही बाब लागू होणे थांबल्यास काढून टाकावी' अशा अर्थाची एक चौकट असते. तेथे खूण केलेली असती, तर आपला प्रश्न उद्भवला नसता. आता जीपीओ काढून झाल्यावर ती खूण करून उपयोग नाही, कारण संगणकापर्यंत ती सूचना पोहोचायला जीपीओच शिल्लक नाही. यापुढेही ही खूण वापरताना एक लक्षात ठेवावे, की ती नोंद पुसते, आधी तेथे कोणते मूल्य होते ते परत आणून देत नाही.

आपल्यासाठी उपाय सरळ आहे, फक्त थोडा संयम हवा. जुना जीपीओ ज्या ओयूला (डोमेनमधील खाती आणि संगणक ठेवण्याच्या कप्प्याला) जोडलेला होता तेथेच एक नवा जीपीओ जोडावा. त्याच्या वापरकर्ता विभागात रजिस्ट्रीच्या दोन प्रेफरन्स बाबी कराव्यात : प्रॉक्सी चालू-बंद ठरवणारे मूल्य 'अपडेट' या कृतीने शून्य करावे आणि सर्व्हरच्या पत्त्याचे मूल्य 'डिलीट' या कृतीने काढावे. ही नोंद प्रत्येक वापरकर्त्याच्या स्वतःच्या भागात असल्याने ज्या काउंटरच्या संगणकावर तीन कर्मचारी आळीपाळीने बसतात तेथे तिघांनीही एकेकदा लॉग-इन केल्याशिवाय सफाई पूर्ण होणार नाही. दीर्घ रजेवर असलेल्या कर्मचाऱ्याचे खाते आणि अधिकाऱ्याच्या घरी नेलेला लॅपटॉप हे तर हमखास सुटतात, म्हणून नवा जीपीओ घाईने काढू नये. तो दोन-तीन महिने राहिला तरी काहीही बिघडत नाही, आणि लवकर काढला तर एकेका संगणकाची तक्रार वर्षभर येत राहते.

होमपेजच्या बाबतीत बहुधा आपण साच्यातील (कोणत्या सेटिंग भरता येतात हे संपादकाला सांगणाऱ्या फाइलमधील) चुकीचा फोल्डर उघडला असावा. क्रोमचा पॉलिसी-साचा बसवल्यावर संपादकात 'गूगल क्रोम' आणि 'गूगल क्रोम – मूळ सेटिंग (वापरकर्ता बदलू शकतो)' अशा अर्थाचे दोन फोल्डर दिसतात. पहिल्यातील सेटिंग सक्तीची, दुसऱ्यातील शिफारशीची. खात्री करून घ्यायची असेल तर संबंधित संगणकावर क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत 'क्रोम' शब्दानंतर अपूर्णविराम, दोन तिरक्या रेषा आणि 'पॉलिसी' हा शब्द इंग्रजीत टाइप करावा. उघडणाऱ्या पानावर प्रत्येक पॉलिसीचे मूल्य, तिचा उगम, ती संगणकाला लागू आहे की वापरकर्त्याला, आणि ती सक्तीची आहे की शिफारशीची, हे सारे लिहिलेले असते. तक्रार आली की आधी हे पान पाहावे आणि मगच सर्व्हरकडे वळावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मात्र होमपेज सक्तीचे करण्यापूर्वी थोडा विचार व्हावा. एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम) बसवण्यावर बंदी किंवा ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवण्यास मनाई या गोष्टी ठेवीदारांच्या पैशाशी निगडित आहेत, तेथे सक्तीच हवी. होमपेज ही सोयीची बाब आहे. दिवसभर एकाच पानावर काम करणाऱ्या रोखपालाने ते पान पुढे ठेवले तर संस्थेचे काहीच नुकसान होत नाही, आणि प्रत्येक बारीकसारीक गोष्ट कुलूपबंद केली की ज्या चार गोष्टी खरोखर जपायच्या त्यांचेही महत्त्व कर्मचाऱ्यांच्या मनातून उतरते.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या संगणक-प्रयोगशाळेतील संगणक डोमेनमध्ये नाहीत, ते साध्या वर्कग्रुपमध्ये (मध्यवर्ती सर्व्हर नसलेल्या जोडणीत) आहेत. प्रत्येक संगणकावर स्थानिक ग्रुप पॉलिसी संपादक उघडून मी क्रोमच्या सेटिंग भरल्या. डाउनलोडवरील बंधन लागू झाले, होमपेज आणि सुरुवातीला उघडायची पाने मात्र लागू होत नाहीत. रजिस्ट्रीत नोंद बरोबर दिसते. माझे कोठे चुकले? (प्रयोगशाळा साहाय्यक, नाशिक)

उत्तर : आपले काहीही चुकलेले नाही. होमपेज, सुरुवातीची पाने, मूळ शोधयंत्र यांसारख्या काही मोजक्या पॉलिसी विंडोजवरील क्रोम तेव्हाच मानतो, जेव्हा संगणक डोमेनशी जोडलेला असतो किंवा ब्राउझर गूगलच्या क्लाउड व्यवस्थापनात नोंदवलेला असतो. यामागे सबळ कारण आहे. फुकट सॉफ्टवेअरबरोबर येणारे उपद्रवी प्रोग्राम नेमक्या याच नोंदी रजिस्ट्रीत घालून लोकांचे होमपेज आणि शोधयंत्र बळकावत असत, आणि वापरकर्त्याला ते बदलताही येत नसे. घरच्या संगणकाला त्यापासून वाचवण्यासाठी घातलेली ही अट आपल्या प्रयोगशाळेला आडवी आली आहे, कारण डोमेनबाहेरचा संगणक घरचा की महाविद्यालयाचा, हे ब्राउझरला कळण्याचा मार्ग नाही. वर सांगितलेल्या पॉलिसीच्या पानावर या नोंदींसमोर त्या दुर्लक्षित केल्याचा शेरा आपल्याला दिसेल.

दोन मार्ग आहेत. पहिला, महाविद्यालयाच्या नावाने गूगलच्या ब्राउझर-व्यवस्थापनात नोंदणी करून मिळालेले टोकन (नोंदणीची ओळख पटवणारा सांकेतिक मजकूर) प्रत्येक संगणकावर एकदा घालणे. याच्या मूलभूत सोयीला शुल्क नाही आणि पुढच्या सेटिंग एका जागेवरून करता येतात. दुसरा मार्ग फायरफॉक्सचा, आणि लहान प्रयोगशाळेला तो मला अधिक सुटसुटीत वाटतो. २०१८ साली आलेल्या साठाव्या आवृत्तीपासून फायरफॉक्सला 'पॉलिसीज' या नावाची जेसन प्रकारची (कंस आणि स्वल्पविरामांच्या ठरावीक मांडणीची) एकच मजकुराची फाइल पुरते. ती फायरफॉक्स जेथे बसवला आहे त्या फोल्डरमध्ये 'डिस्ट्रिब्यूशन' नावाचा उपफोल्डर करून त्यात ठेवायची. डोमेनची गरज नाही. होमपेजचा पत्ता देऊन तो 'लॉक्ड' असा नोंदवला की विद्यार्थ्याला तो बदलता येत नाही. एका संगणकावर फाइल नीट चालली की तीच पेनड्राइव्हवरून सगळीकडे उतरवावी. एखादा स्वल्पविराम किंवा महिरपी कंस राहून गेला तर फाइलमधील एकही सेटिंग लागू होत नाही, म्हणून काही बदलल्यावर फायरफॉक्सच्या पट्टीत 'अबाउट', अपूर्णविराम आणि 'पॉलिसीज' असे इंग्रजीत टाइप करून चूक दाखवली आहे का ते पाहावे. विद्यार्थ्यांची खाती मात्र साधीच ठेवावीत. त्यांना प्रशासकाचे अधिकार असतील तर ही फाइल कोणीही पुसून टाकील.

प्रश्न : मायक्रोसॉफ्टच्या नवीन एज ब्राउझरच्या सेटिंग भरता याव्यात म्हणून मी डोमेन कंट्रोलरवर (डोमेन सांभाळणाऱ्या सर्व्हरवर) 'पॉलिसी डेफिनिशन्स' हा मध्यवर्ती फोल्डर तयार केला आणि त्यात एजचा साचा ठेवला. त्यानंतर संपादकातून विंडोजच्या सगळ्या नेहमीच्या पॉलिसी नाहीशा झाल्या. आधी लावलेल्या पॉलिसीही गेल्या असतील का? (पुण्यातील एक वाचक)

उत्तर : नाही, निश्चिंत असावे. साचा ही केवळ संपादकाची गरज आहे. कोणती पॉलिसी कोणत्या नावाने दाखवायची आणि रजिस्ट्रीत कोठे लिहायची हे तो सांगतो. पॉलिसीची मूल्ये जीपीओमध्ये वेगळी साठवलेली असतात आणि संगणकांना त्या मिळतच आहेत. मध्यवर्ती फोल्डर अस्तित्वात आला, की संपादक स्थानिक साचे पाहणे सोडून देतो आणि फक्त मध्यवर्ती फोल्डर वाचतो, त्यात आपण एजचाच साचा ठेवलेला आहे. कार्यालयात जी सर्वांत नवी विंडोज आवृत्ती वापरात असेल, तिच्या संगणकावरील विंडोज फोल्डरमधील 'पॉलिसी डेफिनिशन्स'चा सगळा मजकूर, भाषेच्या उपफोल्डरसकट, तेथे उतरवावा आणि संपादक पुन्हा उघडावा.

प्रश्न : ऑफिसच्या मॅक्रोंवरील (फाइलमध्ये घातलेल्या छोट्या प्रोग्रामांवरील) बंदी फक्त लेखा विभागातील वापरकर्त्यांना लागू करायची होती. म्हणून जीपीओच्या सुरक्षा-गाळणीतून (तो कोणाला लागू व्हावा हे ठरवणाऱ्या यादीतून) 'ऑथेंटिकेटेड युजर्स' काढून लेखा विभागाचा गट घातला. तेव्हापासून तो कोणालाच लागू होत नाही. (ठाण्यातील एक वाचक)

उत्तर : जुन्या पुस्तकांत हीच पद्धत दिलेली असते आणि एके काळी ती बरोबर होती. जून २०१६ मधील एका सुरक्षा-दुरुस्तीनंतर वापरकर्त्याच्या पॉलिसीही संगणकाच्या खात्याच्या अधिकाराने वाचल्या जाऊ लागल्या. 'ऑथेंटिकेटेड युजर्स'मध्ये संगणकांची खातीही येतात, आपल्या गटात मात्र माणसे आहेत, संगणक नाहीत, त्यामुळे संगणकाला तो जीपीओ वाचताच येत नाही. लेखा विभागाचा गट गाळणीत आहे तसाच राहू द्यावा आणि 'डेलिगेशन' टॅबवर 'डोमेन कॉम्प्युटर्स' या गटाला फक्त वाचण्याचा अधिकार द्यावा, लागू करण्याचा नव्हे. पॉलिसीची नेहमीची फेरी नव्वद मिनिटांनी येते आणि सर्व संगणक एकदम सर्व्हरवर तुटून पडू नयेत म्हणून तीत तीस मिनिटांपर्यंत वाढ होते. तेवढे थांबायचे नसेल तर एका संगणकावर लेखा विभागातील वापरकर्त्याच्या खात्यातून जीपीअपडेट ही पॉलिसी लगेच ताजी करणारी आज्ञा चालवावी आणि मग जीपीरिझल्ट या आज्ञेने कोणते जीपीओ लागू झाले त्याचा अहवाल काढून हा जीपीओ 'लागू' या यादीत आला की अजून 'नाकारलेल्या' यादीतच आहे, ते पाहावे.