खोल बोअरचं उष्णता-मॉडेल पहिल्याच टाइम स्टेपला का फुटतं?

तुमची अडचण अशी: जमिनीतली उष्णता पाण्यातून वर आणणारी २५०० मीटरची कोॲक्शियल बोअर, नळीत नळी, ओपनजिओसिस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये चालवताय आणि सुरुवातीलाच सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा भाग, हात वर करतो. इटरेशन, म्हणजे उत्तराजवळ जायचे फेरे, वाढवून झाले, सॉल्व्हर बदलून झाला.

सॉल्व्हरला हात लावू नका. बेळगावात एम.टेक.ला असताना मीही त्यातच दोन आठवडे घालवले. टिळकवाडीतली खोली, बाहेर आषाढाचा पाऊस, लाइट गेली की रन गेला. रूम पार्टनर निपाणीचा, शेतकऱ्याचा पोरगा, सिम्युलेशनशी संबंध शून्य. स्क्रीनवर तापमानाचा आलेख बघून म्हणाला, "सॉल्व्हरला काय शिव्या घालालास? बोअरमध्ये उभं राहिलेलं पाणी खडकाएवढंच गरम असणार की. ते थंड ठेवायला खाली कोण बसलाय?"

चूक तीच होती. वर २५ अंश धरून किलोमीटरला ३० अंशांच्या हिशेबाने खडक तळाशी १०० अंशांवर, आणि नळीतलं पाणी वरपासून खालपर्यंत सरसकट १५. पहिल्याच क्षणी ८५ अंशांचा फरक! पाण्याच्या सुरुवातीच्या तापमानालाही खडकाचाच ग्रेडियंट, म्हणजे खोलीगणिक वाढ, द्या. माझं निम्मं दुखणं तिथेच गेलं.

मग टाइम स्टेप, म्हणजे मॉडेल एका उडीत किती वेळ पुढे जातं ते. बाहेरच्या नळीतून पाणी सेकंदाला ०.२ मीटरने उतरत असेल, तर तळ गाठायलाच साडेतीन तास लागतात. अशा वेळी पहिली स्टेप एक दिवसाची ठेवली तर सॉल्व्हर बोंब मारणारच. ६० सेकंदांपासून सुरू करा, जमलं की दीडपट, अडलं की निम्मी.

बोअरभोवतीचं जाळं जितकं बारीक तितकं बरं, असं वाटतं. इथे उलटं आहे. मॉडेलमध्ये बोअर म्हणजे नुसती रेघ असते. नोड, म्हणजे जाळ्याचे बिंदू, फार जवळ आणले की रेघेवरचं तापमान भलतीकडेच जातं. भोवती सहा नोड असतील तर अंतर बोअरच्या त्रिज्येच्या ६.१३ पट ठेवा. ०.१२ मीटर त्रिज्येला साधारण पाऊण मीटर. उभ्या दिशेला मात्र २५-२५ मीटरचे तुकडे मला पुरले.

पॉवरची अट, म्हणजे किती उष्णता काढायची ते, लावली असेल तर आधी कागदावर भागाकार करा. २०० किलोवॉट आणि सेकंदाला २ किलो पाणी म्हणजे आत-बाहेर २४ अंशांचा फरक. बाहेर येणारं पाणी २० अंशांचं असेल तर आत जाणारं उणे ४! पाणी तर शून्यालाच गोठतं, म्हणजे ती अटच जमणारी नाही. म्हणून आधी आत जाणाऱ्या पाण्याचं तापमान ठरवून चालवा, किती उष्णता निघते ते बघा, मग त्याच्या आतली पॉवर द्या.