संज्ञापन पदवीचा हिशेब

संज्ञापनाच्या, म्हणजे पत्रकारिता, जनसंपर्क, जाहिरात यांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यापूर्वी शुल्काचा आकडा आणि पहिल्या नोकरीचा हाती येणारा पगार एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडा. माहितीपत्रकातला ‘सर्वोच्च पगार’ त्या कागदावर येऊ देऊ नका, कारण तो एखाद्यालाच मिळालेला असतो. समजा, ६ लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने ७ वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता साधारण १० हजार रुपये पडतो, आणि शिकत असताना व्याज भरले नाही तर ते मुद्दलात मिळून हप्ता आणखी वाढतो. माझा पहिला पगार ९ हजार होता, तोही दोनदा महिनाभर उशिरा झाला. खोलीचे भाडे आणि खानावळ भागवून उरायचे ते लोकलच्या पासापुरते. कर्ज नव्हते म्हणून निभावले.

म्हणूनच पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट, म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा वृत्तपत्रविद्या विभाग, किंवा अमरावतीचे भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र, जिथे मराठी पत्रकारिताही शिकवतात, यांचे शुल्क आधी पाहावे आणि मगच खाजगी विद्यापीठांकडे वळावे. वृत्तपत्रापेक्षा जनसंपर्क आणि जाहिरात या शाखांत पगार सहसा लवकर वाढतो, हे पत्रकारितेच्या ओढीने येणाऱ्याला रुचत नाही, पण हिशेबात धरावे लागते. शक्य असल्यास आधी अर्थशास्त्र किंवा कायद्याची पदवी घ्या. बातमी लिहिणे वर्षभरात अनुभवी पत्रकाराच्या हाताखाली शिकता येते, ताळेबंद वाचणे तसे येत नाही.