नागपूरच्या आसपासच धातुकामाचे कारखाने आणि कारागीर का जमतात? फॅब्रिकेशनचं छोटं युनिट तिथं टाकावं का?

'नागपूर देशाच्या मधोमध आहे म्हणून' हे उत्तर तुम्हाला सगळेच देतील. ते अर्धंच खरं आहे. नुसतं मध्यावर असून भाडं वाचत नाही. माल मध्ये आणून पुन्हा बाहेर पाठवायचा असेल तर भाडं दोनदा पडतं. इथे धातुकाम टिकतं, कारण पोलाद आणि पोलादाचं गिऱ्हाईक हे दोन्ही एका रात्रीच्या वाटेवर आहेत.

भिलाईचा पोलाद कारखाना इथून सुमारे २६० किलोमीटर आहे आणि रायपूरच्या उरला-सिलतरा औद्योगिक भागातल्या रोलिंग मिल (पोलाद लाटून अँगल, प्लेट काढणारे कारखाने) तीनशेच्या आसपास. संध्याकाळी भरलेली गाडी सकाळी तुमच्या दारात उभी राहते, त्यामुळे महिनाभराचा अँगल-प्लेटचा साठा करून पैसा अडकवावा लागत नाही. दहाचाकी गाडीत प्लेट १६ टनांच्या आसपास बसते. त्याच प्लेटचे हॉपर (माल ओतायची मोठी नरसाळी) किंवा डक्ट (हवेचे चौकोनी नळ) केले की पाच-सहा टनांतच गाडीची जागा संपते. म्हणून प्लेट लांबून आणलेली परवडते, पण तयार फॅब्रिकेशन लांब पाठवणं परवडत नाही. युनिट गिऱ्हाइकाजवळच हवं.

ते गिऱ्हाईक इथे भरपूर आहे. कोराडी, खापरखेडा, मौदा आणि चंद्रपूरची वीजकेंद्रं, उमरेड-कामठी-वणी पट्ट्यातल्या वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) कोळसा खाणी, चंद्रपूरकडचे सिमेंट कारखाने. इकडच्या कोळशात राख बरीच असते आणि ती लोखंडाला घासते. चूट (कोळसा घसरवायची पन्हाळ), लायनर (आतलं झीज सोसणारं अस्तर), कन्व्हेयरच्या पट्ट्याखालचे रोलर म्हणजे आयडलर, राखेचे पाइप झिजतात आणि पुन्हा पुन्हा लागतात. नवे प्रकल्प थांबले तरी हे काम थांबत नाही. छोट्या युनिटचा खरा आधार मला हाच वाटतो.

खाणी शेजारी आहेत म्हणून मँगनीजचा धंदाही इथेच जमेल, असा मात्र बराच गैरसमज आहे. मनसर, कांद्री, गुमगाव, भंडाऱ्यातलं चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, सीमेपलीकडचं बालाघाट अशा मॉइल या सरकारी कंपनीच्या मँगनीज खाणी इथे आहेत हे खरं. पण खनिजाचं आधी विजेच्या भट्टीत फेरोमँगनीज (पोलादात घालायचा लोखंड-मँगनीजचा मिश्रधातू) करावं लागतं आणि त्याला टनामागे साधारण अडीच-तीन हजार युनिट वीज लागते. सिलिकोमँगनीजला चार हजारांच्या घरात. म्हणजे या धंद्याची जागा खाणीपेक्षा विजेचा दर ठरवतो. पोलाद वितळवण्याचंही तेच. इंडक्शन भट्टीत एक टन वितळायला ६०० युनिटच्या आसपास वीज जाते, म्हणजे दरात युनिटमागे एका रुपयाचा फरक असेल तर टनाला ६०० रुपये गेले. छत्तीसगडच्या विजेच्या दराशी या हिशेबात बरोबरी करणं अवघड आहे. विदर्भातल्या उद्योगांसाठी २०१६ मध्ये वीज सवलत सुरू झाली, पण सवलतीच्या भरवशावर भट्टी टाकू नका. वितळवणं रायपूरकडे आणि कापणं, जोडणं, मशीनिंग नागपूरला, ही वाटणी मला योग्य वाटते.

याला एक अपवाद आहे: दगड-खनिज फोडणाऱ्या क्रशर यंत्राचे जबडे आणि लायनर. यांना ११ ते १४ टक्के मँगनीजचं पोलाद लागतं आणि गिऱ्हाईक शेजारीच आहे. हे ओतकाम सुमारे १०५० अंशांवरून थेट पाण्यात थंड करावं लागतं. भट्टीतून काढून टाकीत टाकायला उशीर झाला किंवा टाकीतलं पाणीच गरम झालेलं असलं, की पोलादाच्या कणांच्या सीमांवर कार्बाइड (कार्बनचं कडक, ठिसूळ संयुग) बसतं आणि जबडा झिजण्याआधीच तुटतो. असा भाग वेल्डिंगने भरताना प्रीहीट (आधी तापवणं) करू नका, वेल्डचे छोटे टाके घ्या आणि दोन टाक्यांमध्ये तो थंड होऊ द्या. नागपूरच्या मे महिन्यात टाकीच्या पाण्यावर लक्ष ठेवणं हेच मोठं काम असतं.

आता कारागीर. अंबाझरीची आयुध निर्माणी, रेल्वेचं अजनी लोको शेड, मोतीबाग वर्कशॉप आणि हिंगणा औद्योगिक वसाहतीतला महिंद्रा ट्रॅक्टर कारखाना यांमुळे ड्रॉइंग वाचणारे, गेज लावून मोजणारे हात इथे तयार झाले. त्यांच्या भोवती हिंगण्यात जॉबवर्कवाले बसले. शाफ्ट एका शेडमध्ये टर्न होतो, दुसऱ्यात की-वे (चावी बसवायची खाच) कापली जाते, तिसऱ्यात हार्डनिंग आणि चौथ्यात ग्राइंडिंग. मालकाला सगळी यंत्रं घ्यावी लागत नाहीत, आणि एका शेडचं काम सुटलं तर कामगाराला पलीकडच्या शेडमध्ये मिळतं. भंडारा, गोंदिया, बालाघाट, शिवनी, छिंदवाडा इथल्या मुलांना सणासुदीला त्याच दिवशी घर गाठता येतं. ती पुण्याला न जाता इथे थांबतात, त्यामागे हेही मोठं कारण आहे.

अडचणही याच वीजकेंद्रांमुळे येते. पावसाळ्यात विजेची मागणी उतरली की तिथे ओव्हरहॉल (संच बंद करून मोठी दुरुस्ती) निघतात आणि बॉयलरचं प्रमाणपत्र असलेले आर्गन वेल्डर ठेकेदार दुप्पट हजेरी देऊन उचलतात. जुलै-ऑगस्टच्या डिलिव्हरीचा शब्द त्यांच्या जोरावर देऊ नका; साधं स्ट्रक्चर करू शकणारे दोन वेल्डर कायम पगारावर ठेवा. त्याच सुमारास वेल्डिंगच्या रॉडचाही घोळ होतो. कोरड्या उन्हाळ्यात ७०१८ रॉड (ओल धरणारा, भट्टीत भाजून वापरायचा प्रकार) न भाजता चालून जातो, म्हणून सवय सुटते आणि पहिल्या पावसानंतर जोडात छिद्रं आणि तडे दिसू लागतात. ३००-३५० अंशांवर तासभर ते दोन तास भाजून रॉड गरम पेटीतच ठेवायला हवा. उन्हाळ्यातली चूक वेगळी. उन्हात पडलेला १० मीटरचा बीम सावलीतल्या पट्टीपेक्षा २० अंशांनी जास्त तापला, तर तो सुमारे २.४ मिलिमीटर वाढतो. भोकांची आखणी सकाळी शेडमध्येच करा.

जागेचं म्हणाल तर मशीनिंग किंवा सुटे भाग करायचे असतील तर हिंगणा घ्या: जॉबवर्क हाताशी, मेट्रो लोकमान्य नगरपर्यंत, कामगार वानाडोंगरी-जयताळ्यात राहतात. मोठं स्ट्रक्चर करायचं असेल तर शहराच्या दक्षिणेची बुटीबोरी औद्योगिक वसाहत, कारण तिथे ट्रेलर वळवायला जागा मिळते आणि चंद्रपूरची वाट मोकळी आहे. मात्र शहरातल्या कामगारांसाठी गाडीचा खर्च धरा. प्लॉट पाहताना गेटची रुंदी, शेडची क्रेनखालची उंची आणि त्या फीडरवर (विजेच्या लाइनवर) आणखी किती लोड मंजूर होऊ शकतो, या तीन गोष्टी विसार देण्याआधी लेखी घ्या.