सांधे, सिग्नल आणि ऐकीव माहिती

गाडी रूळ कसा बदलते, हा प्रश्न सतत येतो, आणि सोबत कुणीतरी पुढे ढकललेला व्हिडिओही. म्हणून या वेळी एकत्रच उत्तरं देतो.

प्रश्न : गाडी वळवायला लोको पायलट काय करतो? (कल्याण)

काही नाही. इंजिनाला स्टिअरिंग नसतं. मार्ग स्टेशन मास्तर स्टेशनातल्या बटणांच्या पॅनेलवरून लावतात.

प्रश्न : मग चाक वळतं कसं? (मिरज)

सांधा म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती जागा. त्यात दोन निमुळत्या टंग रेल, म्हणजे सरकणारे रुळाचे तुकडे, असतात. मशीन त्या एकदमच सरकवतं. एक शेजारच्या रुळाला घट्ट टेकते, दुसरी साधारण 115 मिलिमीटर उघडी राहते. चाकाची आतली कड टेकलेल्या टंग रेलच्या कलाने जाते. पुढे क्रॉसिंगच्या, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथल्या, फटीवरून जाताना खडखडाट होतो. त्याला घाबरू नका.

प्रश्न : सांध्यात खडी अडकली की गाडी घसरते म्हणे. खरं का? (भुसावळ)

हा व्हिडिओ मलाही आलाय. खडी अडकली तर टंग रेल नीट टेकत नाही. 5 मिलिमीटरचा अडथळा असला तरी मशीन लॉक होता कामा नये, आणि लॉक नाही तर सिग्नल लालच. गाडी खोळंबते, एवढंच. (म्हणून मुद्दाम खडी टाकून बघायची नाही. तो गंभीर गुन्हा आहे.)

भीती बाळगायची तर या यंत्रणेलाच फसवण्याची बाळगा. 2 जून 2023, बालासोरजवळचं बहानगा बाजार स्टेशन. कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य लाइनचा हिरवा सिग्नल, सांधा मात्र लूपकडे, म्हणजे बाजूच्या लाइनकडे, आणि त्या लूपवर मालगाडी उभी. 290 च्या आसपास माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या सर्किटमध्ये बदल करतानाच्या चुका निघाल्या. म्हणजे सांधा एकीकडे आणि यंत्रणेला कळतंय भलतंच. सिग्नलच्या वायरिंगचं काम केलं की सांधा दोन्हीकडे फिरवायचा, टंग रेल कुठे टेकली ते जागेवर जाऊन डोळ्यांनी बघायचं, पॅनेलशी ताडायचं आणि मगच गाडी सोडायची. ‘आधी गाडी काढा, तपासू नंतर’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. आणि वीस मिनिटांच्या उशिरासाठी स्टेशन मास्तरांच्या दारात आरडाओरडा करणारे प्रवासीही त्या घाईला हातभारच लावतात.

प्रश्न : एक क्लासवाले पैसे घेऊन पॉइंट्समनची (सांधे सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याची) नोकरी ‘नक्की’ म्हणतात. भरावेत का? (लातूर)

एक रुपयाही नको. सरळ भरती रेल्वे भरती मंडळाच्या परीक्षेतून होते. मंडळाच्या संकेतस्थळावरची जाहिरात स्वतः वाचा, अडलं तर तिथेच विचारा. पैसे देऊन बसला असाल तर पोलिसांकडे जा.

प्रश्न : फाटकाजवळच्या सांध्याचा एक बोल्ट बरेच दिवस सैल दिसतोय. आपणच आवळला तर? (दौंड)

अजिबात नाही. सांधा लांबून फिरवला जातो, तुमचा हात आत आहे हे पॅनेलला दिसत नाही. तो बोल्ट खरंच सैल आहे की तसाच असायचा, हेही लांबून सांगता येत नाही, मलाही नाही. गेटमनला किंवा स्टेशन मास्तरांना दाखवा, नाहीतर 139 ला फोन करा. मला पत्र लिहिण्याआधीच करायला हवा होता.