बरणीतला तिसरा रंग

तुळशीची लग्नं लागली की माझ्याकडे समुपदेशनाला लग्न ठरलेली जोडपी यायला लागतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो. "मॅडम, विधी कुठले करायचे यावरूनच एवढी भांडणं होतायत, तर पुढे आमचं कसं होणार?" हळद, मेंदी, संगीत यावर फारसं कुणी अडत नाही. अडतं ते दोघं एक झाल्याचं दाखवणाऱ्या विधींवर. कन्यादान, सप्तपदी, उपरण्या-शेल्याची गाठ, आणि आता रील्समधून आलेली रंगीत वाळू.

त्यांतल्या एका जोडप्याबद्दल सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

मुलगी कोथरूडची, मुलगा चिंचवडचा. तिला वाळूचा विधी हवा होता. दोघांनी दोन रंगांची वाळू एका काचेच्या बरणीत ओतायची. एकदा मिसळली की ती वेगळी काढता येत नाही. मुलाच्या आईला सगळं यथासांग हवं होतं. "सप्तपदीशिवाय लग्न लागतं का?" या एका वाक्यावर त्या ठाम होत्या आणि मुलगा दोघींच्या मध्ये अडकला होता.

त्याने कायदा वाचून आणला होता. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे दोन्हींपैकी एका पक्षाच्या रूढीचे विधी करता येतात, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावर लग्न पूर्ण होतं. म्हणजे आईंचं म्हणणं निराधार नव्हतं. विधी नकोच असतील तर १९५४चा विशेष विवाह कायदा आहे. ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार. हे सगळं दोघांना पाठ होतं, तरी घरी जाऊन पुन्हा भांडण व्हायचं. माहितीने अशी भांडणं मिटत नाहीत, हे मी फार वर्षं बघते आहे.

मी मुलीला म्हटलं, "तो विधी मला नीट दाखव. कोण कुठे उभं आहे?"

ती टेबलावर हाताने जागा दाखवत गेली. "इथे हा, निळी वाळू. इथे मी, पिवळी. आणि इकडून केशरी."

"केशरी कुणाची?"

ती थांबली. मुलगाही तिच्याकडे बघायला लागला. हा तिसरा रंग त्यालाही माहीत नव्हता. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आईची. परदेशात पालकही ओततात वाळू. बाकी कुठल्याच विधीत आईला जागा नाहीये."

आईवडिलांचा घटस्फोट ती चौथीत असताना झाला. त्यानंतर नात्यातल्या प्रत्येक लग्नात आई औक्षणाच्या वेळी मागे सरकायची. हिच्या लग्नात कन्यादान मामा-मामी करणार, हे कुणी न विचारताच ठरलं होतं. मुलगा एवढंच म्हणाला, "हे तू मला का नाही सांगितलंस?" तिथे त्यांचं भांडण संपलं.

माणूस समजून घ्यायचा तर त्याच्या घरात त्याची जागा कुठे आहे ते आधी बघावं, असं मी मानते. विधीच्या भांडणात तर हे लख्ख दिसतं. म्हणून मी आता प्रत्येक जोडप्याला एक कागद देते आणि बोहल्याचा नकाशा काढायला सांगते. अग्नी कुठे, गुरुजी कुठे, कोण बसलंय, कोण उभं, कोण दारात. जे माणूस कागदावर येत नाही, त्याच्याविषयी बोलायला सुरुवात करायची.

पुढचं सोपं नव्हतं, कारण मुलीच्या आईनेच नकार दिला. "मला पुढे बसवू नका, लोक बोलतील." मी त्यांना आग्रह केला नाही. फक्त विचारलं, की लोक नसते तर काय करावंसं वाटलं असतं? त्या म्हणाल्या, "कन्यादान नकोच. दान करायला वाढवलं नाही तिला. पण तिला भाऊ नाही. लाजाहोमाला भावाऐवजी तिच्या ओंजळीत लाह्या मी घालीन." आणि साळीच्या लाह्या कुठून आणायच्या, त्या किती निवडाव्या लागतात, टरफल राहिलं तर हाताला कसं टोचतं, हे त्या भरभरून सांगत राहिल्या.

मुलाच्या आईला मी भेटले तेव्हा त्या म्हणाल्या, "सप्तपदी होणार ना? मग लाह्या कुणी का घालेना." पुण्याला हे नवं नाहीच. १८७३ साली इथे सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी पुरोहिताशिवाय लग्नं लागायला सुरुवात झाली. ज्ञानप्रबोधिनीत प्रशिक्षण घेतलेल्या स्त्री पुरोहित आज सर्रास लग्नं लावतात. या लग्नालाही तशाच एक बाई होत्या. वाळूची बरणी मुलीने स्वतःहून बाजूला ठेवली.

मामा मात्र दुखावले. मायलेकी त्यांच्या घरी जाऊन बोलल्या. मुलीला बोहल्यावर त्यांनीच आणलं, पण पंगतीत ते गप्प होते. जिथे एकाला जागा मिळते तिथे दुसऱ्याला थोडं सरकावं लागतं, आणि त्याला ते आधी, घरी जाऊन, तोंडाने सांगायचं असतं; पत्रिकेतून किंवा ग्रुपवर कळता कामा नये. गुरुजींशीही मुहूर्त ठरल्याबरोबर बोला. कुठला विधी कोण करणार हे लिहून द्या. बोहल्यावर उभं राहून हा विषय काढलात, तर तिथे मोठ्या आवाजात बोलणाऱ्याचंच चालतं.